शॉकअप एकटा जात नाही

आपल्याकडे जुनी गाडी विकत घेताना माणूस आधी काय बघतो? बॉनेट उघडतो. इंजिन चालू करून कान लावतो, सायलेन्सरचा धूर बघतो, ऑइलची काडी ओढून बोटावर थेंब घेतो. "इंजिन एक नंबर आहे" असं सोबतच्या जाणकाराने म्हटलं की सौदा अर्धा झाला. मग एसी, मग सीट कव्हर, मग रंग. पण गुडघे टेकून गाडीखाली वाकणारा माणूस विरळाच! ज्याच्या जिवावर गाडी रस्त्याला धरून राहते, ते सस्पेन्शन आपल्या हिशोबातच नसतं. ते आठवतं कधी? तर खडखड सुरू झाल्यावर. आणि खडखड थांबली की आपण ते पुन्हा विसरतो.

माझं म्हणणं सरळ आहे. सस्पेन्शन ही आरामाची वस्तू नाही. ती ब्रेक आणि स्टेअरिंगइतकीच सुरक्षेची वस्तू आहे. आणि जुन्या गाडीत ती एकेक सुटा भाग बदलून दुरुस्त होत नाही. तपासायची ती एकत्र, मोजायची ती एकत्र आणि बदलायची ती जोडीने. हे काम जसं गॅरेजवाल्याचं आहे तसं थोडं आपलंही आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

उदाहरणाला गाडी कोणती घ्यायची हा प्रश्न सोलापूर जिल्ह्यात पडूच नये. बोलेरो! महिंद्रने ही गाडी २००० साली आणली. नाशिकच्या कारखान्यात ती तयार होऊ लागली आणि बघता बघता खेड्यापाड्यातली सर्वांत ओळखीची गाडी झाली. २०१६ मध्ये कराची सवलत मिळावी म्हणून कंपनीने चार मीटरच्या आत बसणारी 'पॉवर प्लस' आणली. पण गावोगाव अजून पळतायत त्या बहुतेक त्याआधीच्या, मोठ्या इंजिनाच्या. मोहोळ, माढा, करमाळा, सांगोला, मंगळवेढा, कुठेही जा. शाळेची पोरं, लग्नाचं वऱ्हाड, दवाखान्यात न्यायचा पेशंट, आषाढीला पंढरपूर, जानेवारीत गड्ड्याची यात्रा, हे सगळं तिच्यात बसूनच होतं. तिच्यावर घरं चालतात. त्यामुळे "जुनी झाली, काढून टाका" असं म्हणणं सोपं आहे, पण ते म्हणणाऱ्याच्या खिशातून काही जात नसतं.

या गाडीची रचना आपल्यासारख्या मेकॅनिकलवाल्यांना समजायला अगदी सोयीची आहे. शिडीसारखी चॅसी. पुढच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र आर्म आणि कॉइल स्प्रिंग. मागे एकसंध ॲक्सल आणि दोन्ही बाजूंना पाटे. चारही चाकांना शॉकअप. आर्म जिथे चॅसीला जोडलेले असतात तिथे रबरी बुश, चाकाकडच्या टोकाला बॉल जॉइंट. स्टेअरिंगकडून येणाऱ्या दांड्यांना टाय रॉड एंड. पाट्याच्या एका टोकाला शॅकल आणि त्यातही बुश. झालं, संपलं सस्पेन्शन. यात एकही भाग असा नाही की जो आपण तिसऱ्या वर्षापर्यंत पुस्तकात बघितलेला नाही. तरीही जॅकवर चढवलेल्या गाडीखाली जाऊन "यातला खराब कोणता?" असं विचारलं तर आपल्यापैकी किती जण छातीठोक उत्तर देतील? उत्तर मनातल्या मनातच द्या!

आता हे सगळं करतं काय ते बघू. स्प्रिंग आणि पाटे गाडीचं वजन उचलतात आणि धक्का साठवतात. पण स्प्रिंगला साठवणं माहीत आहे, संपवणं माहीत नाही. एकदा दाबली की ती वर-खाली, वर-खाली करत राहणार. ते संपवायचं काम शॉकअपचं. आत तेल असतं, पिस्टनला बारीक झडपा असतात, तेल त्यातून बळजबरीने जातं आणि हालचालीची ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणून खराब रस्त्यावरून आल्यावर चालू स्थितीतला शॉकअप कोमट-गरम लागतो. जुने मिस्त्री गाडी थांबली की चारही शॉकअपला जपून हात लावून बघतात. तिघं गरम आणि एक गार, तर तो गार म्हणजे कामचुकार! परीक्षेत 'डॅम्पिंग' वर चार मार्कांची टीप लिहिणाऱ्या आपल्याला ही चाचणी कुणी शिकवली नव्हती.

आता थोडं गणित, घाबरू नका. साधारण चारचाकीचं शरीर आपल्या स्प्रिंगवर सेकंदाला १ ते १.५ वेळा डोलतं. १.२ धरू. गाडी ताशी ६० च्या वेगाने म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर जात असेल, तर दर १४ मीटरला एक चढउतार असलेला रस्ता तिला बरोबर तिच्या तालावर नाचवणार. हाच अनुनाद. असा रस्ता आपल्याकडे शोधायला लांब जावं लागत नाही. आपली जमीन काळी. बेसाल्ट खडकापासून झालेली ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर नीट पाया न घेता केलेला डांबरी रस्ता वर्षा-दोन वर्षांत लाटांसारखा होतो. खड्डा नसतो, डांबर उखडलेलं नसतं, लांबून रस्ता छान दिसतो, पण गाडी होडीसारखी डुलते. अशा वेळी शॉकअप मेलेला असेल तर एका लाटेवरचं डुलणं संपायच्या आत दुसरी लाट येते.

दुसरा ताल चाकांचा. चाक आणि ॲक्सल टायरच्या हवेवर सेकंदाला साधारण १० ते १५ वेळा उडू शकतात. १२ धरलं आणि गाडी ३० च्या वेगाने चालली, तर दर ७० सेंटिमीटरला असलेल्या बारीक लाटा चाकाला उडवतात. उसाच्या ट्रॉल्यांनी घासलेला कच्चा रस्ता आठवा. साखर कारखान्यांच्या संख्येत आपला जिल्हा राज्यात आघाडीवर आहे, त्यामुळे हंगामात असे रस्ते कमी नसतात. आता मुद्दा नीट लक्षात घ्या. जे चाक हवेत आहे ते ना वळू शकतं, ना थांबू शकतं. ब्रेक कितीही चांगला असो, तो चाकाला थांबवतो. गाडीला थांबवतो तो टायर आणि रस्ता यांच्यातला दाब. तो दाब टिकवून धरणारा शॉकअप. नव्या सगळ्या कारना एबीएस बंधनकारक झालं ते एप्रिल २०१९ पासून. त्याआधीच्या कितीतरी गाड्यांत ते नाही, म्हणजे चाक उडून लॉक झालं तर सावरणारं दुसरं कुणी नाही.

आणि आपलं ऊन! मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो तेव्हा आपण होस्टेलच्या गच्चीवर झोपायला जातो; बुशला कुठे जाता येतं? उष्णतेने आणि हवेतल्या ओझोनने रबर कडक होतं, त्याला चिरा पडतात, मग ते लोखंडापासून सुटतं. त्यामुळे "गाडी फार फिरली नाही, उभीच असते" हे वाक्य सस्पेन्शनच्या बाबतीत दिलासा देणारं नाही. किलोमीटर फिरत नसले तरी रबराचं वय वाढतच असतं.

मग एवढं सगळं बिघडत असताना चालवणाऱ्याला कळत का नाही? कारण ते एका दिवसात बिघडत नाही. पंक्चर झालं तर लगेच कळतं. शॉकअप मात्र रोज थोडाथोडा मरतो आणि रोज चालवणारा माणूस रोज थोडाथोडा जमवून घेतो. वळणावर थोडा आधी वेग कमी करतो, स्टेअरिंग थोडं डावीकडे धरून ठेवतो, ब्रेक थोडा आधी मारतो. एक दिवस मेव्हणा चालवायला बसतो आणि म्हणतो, "दाजी, ही गाडी काय अशी चालुलाली?" तेव्हा दाजींना अपमान वाटतो! मेव्हण्याचं बरोबर असतं, कारण त्याला सवय झालेली नसते.

सरकारी तपासणीत कळेल म्हणावं तर तीही वाट बंद. पिवळ्या पाटीच्या प्रवासी गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस तपासणी करावी लागते. पण पांढऱ्या पाटीची खासगी गाडी घेतली की तिची नोंदणी १५ वर्षांची. या १५ वर्षांत पीयूसी काढावं लागतं, विमा भरावा लागतो. पीयूसीवाला धूर बघतो, बुश बघत नाही. विमा अपघाताचा असतो, झिजेचा नाही. इंग्लंडमध्ये तीन वर्षांपेक्षा जुन्या कारची दरवर्षी सक्तीची तपासणी होते आणि त्यात सस्पेन्शनचे सांधे हलवून बघतात. जर्मनीत नव्या कारची पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी. आपल्याकडे २०१२ ची खासगी बोलेरो २०२७ पर्यंत कुणीही खाली वाकून न बघता कायदेशीरपणे पळू शकते. म्हणजे बघायचं कुणी? मालकाने आणि गॅरेजवाल्याने. आणि दोघांनाही कान आहेत, मोजमाप नाही. इथेच खरी मेख आहे.

गॅरेजमधली पद्धत आपल्या सगळ्यांना माहीत आहे. गिऱ्हाईक म्हणतं, "पुढून डावीकडून वाजुलाली." मिस्त्री एक चक्कर मारतो, आवाजाचा भाग शोधतो, तेवढा बदलतो. आवाज बंद, पैसे चुकते, विषय संपला. आमच्या घरच्या २०१२ च्या बोलेरोचं असंच झालं. पुढच्या डाव्या बाजूने आवाज होता. एका गॅरेजमध्ये डावा शॉकअप नवा टाकला, उजवा जुनाच ठेवला. आवाज गेला, सगळे खूश. आठ महिन्यांत डावं पुढचं टायर आतल्या कडेने गुळगुळीत झालं आणि ब्रेक मारला की गाडी एका बाजूला जाऊ लागली. मग माझा चुलतभाऊ ती अक्कलकोट रोडकडच्या एका जुन्या मिस्त्रींकडे घेऊन गेला. त्यांना सगळे चाचा म्हणतात. सुट्टीत मीही सोबत होतो. चाचांनी आधी काहीच ऐकून घेतलं नाही. "तू एक काम कर, जॅक लाव, घोडी लाव, मग बोल," एवढंच. चाक वर-खाली धरून हलवलं, मग आडवं धरून हलवलं, मग टॉमी घालून आर्म उचकटून बघितला. पाच मिनिटांत निकाल लागला. वरच्या बॉल जॉइंटला ढिलाई, खालच्या आर्मचे बुश फाटलेले, उजवा शॉकअप तेल सोडून मोकळा झालेला. आवाज करणारा भाग बदलला गेला होता. बिघडलेले भाग तसेच होते.

यातून मला जे समजलं ते लेखाच्या नावातच आहे. शॉकअप एकटा जात नाही. तो गेला की चाक जास्त उडतं, प्रत्येक ठोका बुशला आणि बॉल जॉइंटला बसतो. बुश गेला की आर्म जागेवर राहत नाही, चाकाचा कोन बदलतो, टायर खाल्लं जातं. टायर एकसारखं झिजलं नाही की ते थरथरतं आणि तो थरथराट पुन्हा नव्या शॉकअपला आणि टाय रॉडला. ही साखळी आहे. एक कडी नवी टाकून साखळी नवी होत नाही. तसंच एका ॲक्सलवर एक शॉकअप नवा आणि एक मेलेला म्हणजे बैलजोडीत एक खोंड आणि एक म्हातारा बैल. गाडी सरळ कशी चालणार?

आणखी एक आवडता उपाय म्हणजे जादा पाटा टाकणं. मागून गाडी बसली, माल जास्त भरायचा आहे, टाका एक पाटा! हे गणित आपण करून बघू. समजा पाच सारखे पाटे होते, सहावा टाकला. ताठपणा साधारण २० टक्के वाढला. कंपनसंख्या ताठपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे ती साडेनऊ टक्क्यांनी वाढली. शॉकअप मात्र तोच आहे. तेवढ्याच वजनाला त्याचं डॅम्पिंगचं गुणोत्तर साधारण तेवढंच, नऊ टक्के कमी झालं. म्हणजे आधीच थकलेल्या शॉकअपला आणखी दुबळं केलं, आणि रिकामी गाडी मागून उड्या मारायला मोकळी! पाटा बसला असेल तर त्याचं खरं औषध म्हणजे दोन्ही बाजूंचे पाटे सोडवून कमान बरोबर करून घेणं किंवा नवे टाकणं, सोबत शॅकलचे बुश आणि यू-बोल्ट. जादा पाटा म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर फोडण्यासारखं आहे.

तिसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. "नवा बुश टाकला तरी सहा महिन्यांत गेला, माल डुप्लिकेट होता" ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. कधी माल खरंच डुप्लिकेट असतो. पण कित्येकदा चूक आवळण्यात असते. रबर आतल्या आणि बाहेरच्या लोखंडी नळीला चिकटवलेला बुश फिरत नाही, तो पिळला जातो. गाडी जॅकवर असताना चाक खाली लोंबतं, आर्म खाली झुकलेला असतो. त्या अवस्थेत बोल्ट गच्च आवळला की रबराची 'शून्य' जागा ती झाली. आता गाडी जमिनीवर आली, आर्म वर गेला आणि बुश उभ्या उभ्या कायमचा पिळलेला राहिला. खड्डा आला की आणखी पिळतो. तो फाटणार नाही तर काय होणार? चाचांनी बोल्ट आधी हातघाईला ठेवले, गाडी चाकांवर उतरवली, पुढून चार वेळा दाबली आणि मग खाली शिरून आवळले. मी कारण विचारलं तर म्हणाले, "रबराला पण आराम लागतो की बे, इंजिनिअर!" 'टॉर्शनल प्रीलोड' ची याहून चांगली व्याख्या मला पुस्तकात सापडलेली नाही.

आता दुसरी बाजू. कुणी म्हणेल, "तुझं सगळं खरं, पण पैसे? शेतकऱ्याचं उसाचं बिल कधी येतं माहीत आहे का? सगळं एकदम बदलायला त्याच्याकडे असतं तर त्याने नवी गाडी घेतली असती." हा आक्षेप शंभर टक्के रास्त आहे. चाचा पण हेच म्हणाले, की गिऱ्हाईकाला चार भाग सांगितले तर ते शेजारच्या गॅरेजला जातं, आणि तिथला एकच सांगतो. म्हणून "सगळं एकदम बदला" असा शहाणपणा मी शिकवणार नाही. पण तपासणी एकदम करता येते, तिला फार पैसे लागत नाहीत. आणि तपासल्यावर थांबता येणारं काय आणि न थांबता येणारं काय याचा क्रम लावता येतो. माझ्या मते क्रम असा.

पहिला नंबर बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड. यात उधारी नाही. हे निसटले तर चाक आडवं पडतं किंवा स्टेअरिंगचं ऐकत नाही, आणि ते सांगून होत नाही. ढिलाई दिसली की गाडी तिथून हलवायची नाही. दुसरा नंबर शॉकअप, पण जोडीने. चार घ्यायला जमत नसेल तर आधी पुढची जोडी किंवा मागची जोडी, एकेक कधीच नाही. तिसरा नंबर आर्मचे बुश. शक्यतो दुसऱ्या नंबरासोबतच, कारण खोलाखोली एकदाच होते आणि मजुरी वाचते. चौथा पाटे आणि स्प्रिंग. ते तुटलेले किंवा एका बाजूला बसलेले नसतील तर थोडं थांबतील. पाटा तुटलेला असेल तर मात्र तो उडी मारून पहिल्या नंबरात येतो. आणि सगळ्यात शेवटी, न चुकता, व्हील अलाइनमेंट. पुढचे सांधे बदलून अलाइनमेंट न करणं म्हणजे डोळ्यांचं ऑपरेशन करून जुनाच चष्मा लावणं.

पैशाचंच म्हणाल तर आमच्या गाडीला दुसऱ्या वेळी जो एकूण खर्च आला तो दोन नव्या टायरपेक्षा थोडा जास्त होता. आणि एक टायर तर आधीच वाया गेलं होतं. जो खर्च टाळला असं आपल्याला वाटतं तो कुठेतरी टायरच्या, डिझेलच्या, नाहीतर दवाखान्याच्या बिलात निघतोच. तो फक्त सस्पेन्शनच्या नावाने निघत नाही, म्हणून आपल्याला कळत नाही.

आणखी एक आक्षेप हल्ली ऐकू येतो. सरकारने २०२१ मध्ये जुनी वाहनं मोडीत काढण्याचं धोरण आणलं, मग जुन्या गाडीवर पैसा कशाला घालायचा? पण मोडीत काढायची ती तपासणीत नापास झालेली गाडी. ज्या गाडीची चॅसी गंजलेली नाही, इंजिन धड आहे, तिला चार बुश आणि दोन शॉकअपसाठी भंगारात घालणं हे मला तरी अभियंत्याचं काम वाटत नाही. उलट चॅसीला जिथे आर्म जोडला जातो तिथेच गंज आणि भेगा असतील, तर नवे भाग टाकण्यातही अर्थ नाही हे गिऱ्हाईकाला तोंडावर सांगण्याची हिंमत हवी. दोन्ही निर्णयांना लागतं एकच, नीट केलेली तपासणी.

आणि इथे, मित्रांनो आणि सरांनो, आपण येतो. तिसऱ्या वर्षाला आपण 'लॉगरिदमिक डिक्रीमेंट' चा प्रयोग करतो. एक स्प्रिंग, एक वजन, एक कागद, आणि मागच्या बॅचची जर्नल! तोच प्रयोग खऱ्या गाडीवर करायला आज काय लागतं? खिशातला मोबाइल. त्यात कंपन मोजणारा सेन्सर असतोच. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाचं 'फायफॉक्स' नावाचं ॲप फुकट मिळतं. मोबाइल ॲक्सलच्या वर गाडीच्या फरशीवर घट्ट बसवायचा, दोन्ही चाकं एका जाड फळीवरून हळूच खाली उतरवायची आणि आलेख बघायचा. डॅम्पिंगचं गुणोत्तर ०.३ च्या आसपास असेल तर प्रत्येक डोलणं आधीच्या डोलण्याच्या सातव्या हिश्शावर येतं, म्हणजे जवळपास एकाच डुलक्यात खेळ खलास. पुढचं डोलणं आधीच्या अर्धंच कमी होत असेल तर गुणोत्तर ०.११ वर आलेलं आहे, शॉकअप निवृत्त झालेला आहे. पाट्यांचं आपसातलं घर्षण आकड्यात घोळ करतं हे मान्य. म्हणून एकाच आकड्यावर निकाल द्यायचा नाही, डावी-उजवीची तुलना करायची आणि जॅकवरची तपासणी सोबत करायची. पण "बॉनेटवर दाबून बघितलं, चांगलं आहे" यापेक्षा हे कितीतरी पुढचं आहे. हाताने दाबून फक्त पूर्ण मेलेला शॉकअप सापडतो. अर्धमेला त्यात पास होतो.

माझी सूचना साधी आहे. आपल्या वर्कशॉपमध्ये जॅक आहे, घोड्या आहेत, डायल गेज आहे आणि मुख्य म्हणजे रिकामे शनिवार आहेत. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि ऊस हंगामाआधी, कॉलेजच्या आवारात जुन्या गाड्यांचं सस्पेन्शन तपासणी शिबिर घ्यायचं. सुरुवात स्टाफच्या गाड्यांपासून करू, म्हणजे सरांनाही कळेल आणि आम्हालाही जरा धीर येईल! प्रत्येक गाडीचा एक कागद: बॉल जॉइंटची ढिलाई किती मिलिमीटर, शॉकअप गळतो का, आलेख काय सांगतो, बुशला भेगा आहेत का, टायर कुठून झिजलं. दुरुस्ती आपण करायची नाही. कागद मालकाच्या हातात द्यायचा, त्याने तो आपल्या मिस्त्रीला दाखवायचा. आणि शिबिराला शहरातले दोन-तीन जुने मिस्त्री आवर्जून बोलवायचे, पाहुणे म्हणून नव्हे, शिकवायला. त्यांच्याकडे हात आहे, आपल्याकडे आकडा आहे. दोघे वेगवेगळे राहिले तर एकाची अटकळ आणि दुसऱ्याची जर्नल, एवढंच उरतं.

यातून फायदा कुणाचा? मालकाला भांडायला कागद मिळेल. मिस्त्रीला चार भाग सांगताना शेजारच्या गॅरेजची भीती राहणार नाही, कारण आकडा त्याचा नसून कॉलेजचा असेल. आणि आपल्याला? मुलाखतीत "प्रोजेक्ट काय केला?" असं विचारल्यावर विकत आणलेल्या मॉडेलचं नाव सांगावं लागणार नाही.

असो. लेख लांबला. गावाकडे जाल तेव्हा घरच्या, काकांच्या, मामांच्या, ज्यांची असेल त्यांची जुनी गाडी एकदा जॅकवर घ्या. खाली घोडी लावल्याशिवाय मात्र गाडीखाली जाऊ नका, नुसत्या जॅकवर विश्वास ठेवू नका. पुढचं चाक वर-खाली धरून हलवा, मग आडवं हलवा. टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवा. बुशवर टॉर्च मारा. दहा मिनिटांचं काम आहे. आणि कुणी म्हणालं, "अरे, आवाज तर काहीच येत नाही," तर त्यांना एवढंच सांगा, की बॉल जॉइंट निसटायच्या आधी आवाज करेलच असं त्याने कुणाला लिहून दिलेलं नाही.

— एक होस्टेलवासी, अंतिम वर्ष, मेकॅनिकल